दगडावरची रेघ

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात मिम्ब्रेस नावाची एक लहानशी नदी आहे. गिला राष्ट्रीय वनाच्या डोंगरात ती उगम पावते, पन्नास मैलांहून जास्त अंतर खाजगी जमिनींच्या कडेने वाहते आणि मेक्सिकोच्या सीमेच्या अलीकडेच वाळवंटात जिरून जाते. तिच्या पाण्यावर शेती आहे, खाणी आहेत. या पाण्याच्या वाट्यांचा दावा १९६६ साली खाजगी भांडणातून सुरू झाला, पुढे राज्य सरकार त्यात उतरलं, आणि १९७८ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. तोवर प्रश्न एवढाच उरला होता: वनातून वाहणाऱ्या या नदीत केंद्र सरकारच्या वनखात्याचा वाटा कोणता आणि किती?

वनखात्याची मागणी ऐकण्यासारखी आहे. मासे जगावेत, वनात येणाऱ्या माणसांना वाहती नदी दिसावी, म्हणून पात्रात ६ क्युसेक किमान प्रवाह राहू द्या. सहा क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण १७० लिटर. दर पावसाळ्यात धरणातून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या ऐकणाऱ्या आपल्या कानाला हा आकडा आकडाच वाटत नाही. त्याच हिशेबात वन्यजीवांच्या नावावर ०.१० एकर-फूट अशीही एक नोंद आहे. म्हणजे सव्वा लाख लिटर, दहा हजारांचे बारा टँकर.

न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल लागला आणि वनखातं हरलं. हरलं ते १८९७ च्या कायद्यातल्या एका वाक्यावर. राष्ट्रीय वनं कशासाठी राखायची, हे त्या वाक्यात लिहिलं आहे: वनाची सुधारणा आणि संरक्षण, 'किंवा' पाण्याच्या प्रवाहाची स्थिती अनुकूल राखणं, 'आणि' लाकडाचा अखंड पुरवठा. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी असा अर्थ लावला की उद्देश दोनच, प्रवाह आणि लाकूड. 'वनाचं संरक्षण' हा वेगळा तिसरा उद्देश नव्हेच. आणि प्रवाह म्हणजे तरी कोणता, तर खालच्या वस्त्यांना, शेतांना मिळणारा. मासे, जनावरं, सहल हे सगळं दुय्यम; त्यासाठी पाणी हवं असेल तर वनखात्याने इतर कुणाहीसारखं राज्याच्या कायद्याखाली रांगेत उभं राहावं. विरुद्ध बाजूच्या चौघांच्या वतीने न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलं की संसदेने राखलेली वनं ही निःशब्द, निर्जीव जागा नव्हेत. पक्षी, प्राणी, मासे हेही वनच आहे. मला पॉवेल यांचं म्हणणं पटतं. पण पटून उपयोग नाही, कारण कायदा गेली जवळपास पन्नास वर्षं रेन्क्विस्ट यांच्या अर्थाने चालतो आहे. सार्वजनिक वनांतल्या सरकारी पाणीहक्काचा विचार करायचा तर या पराभवापासूनच सुरुवात करावी लागते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वनातल्या ओढ्यांवरचे हे सरकारी दावे न्यायालयात शेवटपर्यंत लढवू नयेत. ते करारानेच मिटवावेत, त्यासाठी सरकारने आपल्या हक्काची जुनी तारीख सोडावी लागली तरी. मात्र करार उघड्यावर व्हावा, आणि जे हाती आहे ते दान करून टाकणारा नसावा. या दोन अटी सुटल्या, तर खटलाच बरा.

हे नीट समजण्यासाठी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पाण्याची रीत थोडी सांगायला हवी. तिथे नदीकाठी जमीन आहे म्हणून पाणी मिळत नाही. ज्याने आधी पाणी वळवून वापरात आणलं त्याचा हक्क आधी, हा खाणकामगारांच्या वस्त्यांमधून आलेला नियम. प्रत्येक हक्काला एक तारीख असते. दुष्काळात वाटे समान कापले जात नाहीत. १८८५ च्या तारखेवाल्याचा वाटा पूर्ण होईपर्यंत १९२० वाल्याच्या पाटाचं दार बंद राहतं. त्यामुळे तिथला शेतकरी आपल्या हक्काची तारीख पोराच्या जन्मतारखेसारखी पाठ म्हणून दाखवतो. तारीख हीच मालमत्ता.

या रांगेत केंद्र सरकार शिरलं ते १९०८ साली, विंटर्स खटल्याने. मोंटाना राज्यात मिल्क नदीकाठी फोर्ट बेल्कनॅप ही आदिवासींची राखीव भूमी आहे. १८८८ च्या करारात त्यांनी प्रचंड मुलूख सोडून एवढीच जमीन स्वतःकडे ठेवली. वरच्या अंगाला गोऱ्या शेतकऱ्यांनी नदी अडवली तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जमीन राखली त्या दिवशी ती कसायला लागणारं पाणीही राखलं गेलं, कागदावर तसा शब्द नसला तरी. १९६३ मध्ये ॲरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात हेच तत्त्व केंद्राच्या इतर राखीव जमिनींनाही लागू झालं, गिला वनही त्यात होतं. म्हणजे वनखात्याकडे अशी तारीख आली जी वन घोषित झालं त्या वर्षाची, शंभर-सव्वाशे वर्षं जुनी, आणि जिचा आकडा कुठेही लिहिलेला नाही. खाली शेतकऱ्यांची झोप उडाली यात नवल नाही. आकडा नसलेला जुना हक्क म्हणजे न लिहिलेली हुंडी. कधी वटवली जाईल आणि किती रकमेची, कुणालाच ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट बाजूला ठेवायला हवी, कारण तिची सरमिसळ नेहमी होते. फोर्ट बेल्कनॅपच्या लोकांचा हक्क आणि वनखात्याचा हक्क एकाच तत्त्वातून आले असले तरी एकाच पायरीवरचे नाहीत. आदिवासींनी मुलूख देऊन पाणी राखलं. तो त्यांचा स्वतःचा हक्क आहे. वनखात्याचा हक्क संसदेच्या एका कायद्यातून निघतो आणि खातं फक्त राखणदार आहे. तडजोड करा, तारीख सोडा, असं मी पुढे म्हणणार आहे ते या दुसऱ्या हक्काबद्दल. आदिवासींना तसं सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तिथल्या सरकारांनाही नसावा.

आता वनातल्या ओढ्याकडे वळू. सगळा वाद मला जिथे फसलेला दिसतो ती जागा हीच.

शेताला नेलेलं पाणी खर्च होतं. वनखातं मागतं ते पाणी खर्चच होत नाही. ओढ्यात ठेवा, एवढंच ते म्हणतं. ते पाणी वनाच्या हद्दीपर्यंत वाहत येतं आणि हद्द ओलांडून खालच्या शेतकऱ्याच्या पाटात जातं. राष्ट्रीय वनं बहुतेक ठिकाणी डोंगरमाथ्यावर आहेत, शेती खोऱ्यात. मग ज्या पाण्याच्या वाटेत शेतकरी वनाच्या खाली बसला आहे, ते ओढ्यात राहिलं तर त्याचं नुकसान कुठे होतं? नुकसान होतं ते वनाच्या आत, वरच्या बाजूला, पाणी अडवणाऱ्याचं किंवा पुढेमागे अडवू पाहणाऱ्याचं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. कोलोरॅडो या एकाच राज्यात, सात वर्षांच्या अंतराने, याची दोन उदाहरणं घडली आहेत.

पहिलं साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातलं. इथे डोंगराच्या पायथ्याशी मोठी शहरं आहेत आणि त्यांची धरणं, बोगदे, पाट वर राष्ट्रीय वनांतच आहेत. वनखात्याने अरापाहो, रूझवेल्ट, पाइक आणि सॅन इसाबेल या वनांतल्या ओढ्यांसाठी राखीव हक्क मागितला. १९७८ च्या निकालानंतर मासे म्हणून मागण्याची सोय नव्हती, तेव्हा खात्याने नदीचं शास्त्र पुढे केलं: ओढ्याला आपलं पात्र टिकवायचं असेल तर वसंतात बर्फ वितळल्यावर येणारा लोंढा लागतो. तो लोंढा गाळ आणि गोटे पुढे ढकलतो. लोंढा कापला की पात्र भरत जातं, काठावरची झुडपं आत सरकतात, आणि एखाद्या वर्षी मोठा पूर आला की पाणी जागा सोडून बाहेर पडतं. शास्त्र खोटं नव्हतं. पण न्यायालयाला प्रत्येक ओढ्यावर सिद्ध करून हवं होतं की एवढं पाणी नसेल तर वनाचा उद्देशच बुडेल. दीर्घ सुनावणी झाली, दोन्ही बाजूंनी तज्ज्ञांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये जल न्यायालयाने दावा फेटाळला. ओढ्यांच्या पदरात काही पडलं नाही.

दुसरं उदाहरण रिओ ग्रांदेच्या उगमाकडचं, सॅन लुईस खोऱ्यातलं. खातं तेच, राज्य तेच, कायदा तोच. पण इथले शेतकरी वनाच्या खाली. बटाटा आणि लसूणघासाचा मुलूख, नदीचं सगळं पाणी केव्हाच वाटलं गेलेलं. वर वनात कुणी नवं धरण बांधून पाणी दुसऱ्या खोऱ्यात पळवलं तर मरणार ते हेच. त्यांनी वनखात्याशी भांडण्याऐवजी बसून बोलणं केलं. २००० साली रिओ ग्रांदे राष्ट्रीय वनातल्या ओढ्यांचे प्रवाह कराराने ठरले आणि जल न्यायालयाने त्यावर हुकूमनामा केला. पाणी ओढ्यात राहावं ही वनखात्याची इच्छा आणि पाणी खाली यावं ही शेतकऱ्याची इच्छा, दोन्ही एकच होत्या. खटल्यात हे दिसलं नसतं. खटल्यात दोघं समोरासमोर उभे असतात, नदीकडे पाठ करून.

माझ्या आजोळी जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात एक ओढा आहे. आजोबा आणि त्यांची चुलतभावकी यांच्यात त्या ओढ्याच्या पाटावरून तालुक्याच्या कोर्टात दावा चालला होता. पाट कुणाच्या आजाने खणला, यावर. साक्षी झाल्या, म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून जबानीला नेलं, तारखा पडत राहिल्या. शेवटी एका उन्हाळ्यात दोन्हीकडची चार माणसं ओढ्यावर जमली. पाटाच्या तोंडाशी एक काळा धोंडा होता, त्याला पाथरवटाकडून छिन्नीने आडवी रेघ मारून घेतली. पाणी रेघेच्या वर असेल तोवर दोन्ही शेतं भिजवायची. पाणी रेघेखाली गेलं की वरच्याने दार लावायचं आणि ओढा खाली सोडायचा, खाली जनावरं पाण्यावर येतात. लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं त्या धोंड्यापाशी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बोटाने बघायचो. पाट कुणाच्या आजाने खणला होता, ते मला आजही माहीत नाही. तो प्रश्न कुणी सोडवलाच नाही, सोडवायची गरजच उरली नाही.

मोंटाना राज्याने केलं ते याच जातीचं काम होतं, फार मोठ्या पैमान्यावर. तिथे १९७९ मध्ये राज्यातल्या सगळ्या जुन्या पाणीहक्कांचा निवाडा करायचं ठरलं. दोन लाखांहून अधिक दावे दाखल झाले. त्यात आदिवासींचे आणि केंद्राचे राखीव हक्क कसे बसवायचे, हा सगळ्यांत अवघड भाग होता. केंद्राला राज्याच्या न्यायालयात खेचण्याची सोय १९५२ च्या मॅकॅरन दुरुस्तीने झालेली होती. पण मोंटानाने १९७९ मध्येच नऊ जणांचा एक आयोग नेमला आणि त्याला काम दिलं वाटाघाटींचं. चार आमदार, चार राज्यपालांनी नेमलेले, एक महाधिवक्त्याने. आयोग करार करणार, विधिमंडळ तो मंजूर करणार, मग जल न्यायालय हरकती ऐकून शिक्का मारणार. बोलणी चालू असेपर्यंत तो दावा स्थगित. बोलणी फिसकटली तर खटला आहेच. पहिला करार १९८५ मध्ये फोर्ट पेकच्या आदिवासींशी झाला. पुढे राष्ट्रीय उद्यानांशी झाला. अनेक वर्षांच्या बोलण्यांनंतर २००७ मध्ये विधिमंडळाने वनखात्याशी झालेला करार मंजूर केला. मोंटानात राष्ट्रीय वनांखाली सुमारे १ कोटी ७० लाख एकर जमीन आहे. मिसुरी आणि कोलंबिया या दोन्ही मोठ्या नद्यांच्या उगमाकडचे असंख्य ओढे त्यातून निघतात. कराराचं महत्त्व यावरून लक्षात यावं.

कराराचं अंतरंग मला फार शहाणपणाचं वाटतं. राखीव हक्क जिथे वादातीत होता तिथे तो राज्याने मान्य केला: वनखात्याच्या चौक्या, कामकाज, आणि वणवा विझवायला लागणारं पाणी. वणव्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने टाकी भरताना कुणाची तारीख आधीची हे बघू नये, हे सांगायला खटला कशाला? फ्लॅटहेड नदीच्या दक्षिण शाखेचा प्रवाहही राखीव हक्क म्हणून मान्य झाला, कारण ती १९७६ पासून वन्य आणि निसर्गरम्य नद्यांच्या कायद्याखाली आहे आणि त्या कायद्याचा हेतूच वाहती नदी राखणं हा. उरलेल्या ओढ्यांबाबत मात्र वनखात्याने राखीव हक्काचा आग्रह सोडला. त्याऐवजी राज्याच्याच कायद्यात असलेली सोय वापरून ओढ्यात पाणी राखण्याचे हक्क घेतले. तारीख २००७ ची. म्हणजे आजवरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मागे.

पर्यावरणवाद्यांतल्या अनेकांना हे कचखाऊपणाचं वाटतं. शंभर वर्षांची जुनी तारीख टाकून रांगेत शेवटचं उभं राहायचं? आक्षेप हलका नाही. ज्यांनी आयुष्य नद्यांसाठी खर्च केलं त्यांच्या तोंडी तो शोभतोही. पण मी उलट विचारतो, ती जुनी तारीख हातात होती कुठे? १९७८ नंतर मासे आणि वन्यजीव यांच्यासाठी राखीव हक्क मिळणार नाही हे स्पष्ट झालं होतं. पात्र राखण्याच्या नावाने मिळतो का, याचं उत्तर साउथ प्लॅटने दिलं होतं. शेजारच्या आयडाहोत तर त्याहून विलक्षण घडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निव्वळ रान म्हणून राखलेल्या क्षेत्रांना राखीव पाणीहक्क असल्याचा निकाल तीन विरुद्ध दोन असा दिला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती कॅथी सायलॅक मे २००० च्या निवडणुकीत हरल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात फेरविचारात न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. जी तारीख एका मताने येते आणि एका मताने जाते, तिच्या भरवशावर ओढे ठेवायचे?

आणि दुसरं. २००७ ची तारीख दिसते तितकी दुबळी नाही. आजचे हक्कदार बहुतांश वनाच्या खाली आहेत, हे वर सांगितलंच. त्यांच्याशी ओढ्यातल्या पाण्याचं भांडण नाही. ओढ्याला धोका आहे तो उद्याच्या मागणीचा: वर नवं धरण, नवी खाण, नवी वसाहत, पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेणारी नवी योजना. त्या सगळ्यांच्या पुढे २००७ उभा आहे. उद्यापासून रक्षण करायला कालची तारीख लागत नाही. आजची पुरते, फक्त ती आज घ्यावी लागते. खटला वीस वर्षं लांबला तर त्या वीस वर्षांत जे परवाने निघतील ते कायमचे पुढे गेलेले असतील.

तरीही प्रत्येक करार चांगला, असं मी म्हणणार नाही. पुन्हा कोलोरॅडोच. गनिसन नदी तिथे ब्लॅक कॅन्यन नावाच्या काळ्याकभिन्न दरीतून जाते. दोन हजार फूट खोल, काही ठिकाणी इतकी अरुंद की तळाशी ऊन क्षणभरच पोचतं. २ मार्च १९३३ ला ती राष्ट्रीय स्मारक झाली, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान. इथला राखीव हक्क १९३३ च्या तारखेसह न्यायालयाने आधीच मान्य केला होता. फक्त किती पाणी, हे ठरायचं राहिलं होतं. आणि इथे पाणी अडवणारे मुख्य लोक खाली नव्हते. मोठी धरणं दरीच्या वर होती. केंद्राने २००१ मध्ये आकडा मांडला, शेकडो हरकती आल्या. मग २००३ मध्ये केंद्राचं गृहखातं (तिकडे उद्यानं या खात्याकडे असतात) आणि राज्य सरकार दोघंच बसले आणि ठरवून मोकळे झाले: बारमाही ३०० क्युसेक १९३३ च्या तारखेने, आणि वसंतातले मोठे लोंढे राज्याच्या हक्काखाली, २००३ च्या तारखेने. म्हणजे दरी जिने घडवली तो लोंढाच रांगेच्या शेवटी. हा करार बंद दाराआड झाला होता. संघटना न्यायालयात गेल्या आणि २००६ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी तो रद्द केला.

मोंटानात तारीख सोडणं शहाणपणाचं आणि इथे चुकीचं, हे परस्परविरोधी वाटेल. मला वाटत नाही. मोंटानात सोडली ती न सिद्ध झालेली आणि फारशा कामाची नसलेली तारीख होती. बदल्यात मोजता येणारं पाणी मिळालं. ब्लॅक कॅन्यनमध्ये हुकूमनाम्यात लिहिलेली तारीख सोडली, जिथे ती रोज कामी येणार होती, आणि ज्यांचं ते उद्यान होतं त्या लोकांना विचारलंही नाही. राखणदाराने धन्याला न सांगता शेत खंडाने द्यावं, तसं झालं.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. करार रद्द झाल्यावर लोक पुन्हा खटल्याला भिडले नाहीत. या वेळी केंद्र, राज्य, शेतकरी, वीज घेणारे, पर्यावरण संघटना सगळे एका टेबलाशी बसले आणि २००८ संपता संपता नवा हुकूमनामा झाला. त्यात ३०० क्युसेकचा पाया राहिला, आणि लोंढ्याचा आकडा वरच्या ब्लू मेसा जलाशयात त्या वर्षी किती पाणी येणार यावर बांधला गेला. बर्फ भरपूर तर लोंढा मोठा, दुष्काळ तर लहान. पूरकाळात खाली कुणाचं घर बुडू नये याचाही विचार झाला.

हे न्यायालय करू शकलं असतं? मला शंका आहे. न्यायालय विचारतं, हक्क कुणाचा. उत्तर हो किंवा नाही. पण नदीचे प्रश्न हो-नाहीचे नसतात. किती, कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी, असे असतात. त्यातच आता पश्चिमेकडचं बर्फ लवकर वितळू लागलं आहे. जूनमधलं पाणी मे महिन्यातच वाहून जातं आणि ऑगस्टमध्ये ओढा काठीएवढा होतो. एकदा ठरवलेला आणि कायमचा गोठवलेला आकडा अशा नदीला कसा पुरणार? वर्षाप्रमाणे बदलणारी शिडी लिहून ठेवायची तर समोरच्याची संमती लागते, आणि संमती हुकुमाने मिळत नाही.

शेतकऱ्यांच्या बाजूनेही एक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, वनखात्याला शून्य मिळू शकत असताना आम्ही काही का द्यावं? आज ओढ्यात पाणी राखायला हो म्हटलं, उद्या आमच्या पाटाचा परवाना नूतनीकरणाला गेला की हेच कागद पुढे करतील. ही भीती पोकळ नाही. कोलोरॅडोत १९९० च्या दशकात वनातल्या जुन्या धरणांचे परवाने नव्याने देताना खात्याने प्रवाह सोडण्याच्या अटी घातल्या आणि त्यावरून रान पेटलं होतं. पण यातूनच कराराची गरज सिद्ध होते. जल न्यायालयात हरलेलं खातं हात बांधून बसत नाही. जमीन त्याची आहे, परवाना त्याच्या हातात आहे. खटला जिंकूनही शेतकऱ्याला मनाची स्वस्थता मिळत नाही. करारात आकडा लिहिला गेला की खात्याचाही हात तिथे थांबतो. अनिश्चित हक्काची भीती घालवायचा मार्ग तो हक्क नाकारणं हा नाही, तो लिहून घेणं हा आहे.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे मात्र मी म्हणणार नाही. मोंटानात वाटाघाटी झाल्या त्या दाराबाहेर निवाडा उभा होता म्हणून. ब्लॅक कॅन्यनचा वाईट करार मोडला तो न्यायालयानेच. रिओ ग्रांदेच्या करारावर न्यायालयाचा शिक्का नसता तर पुढच्या दुष्काळात तो कुणी पाळला असता? न्यायालय मागे हवं. नदीची वाटणी मात्र त्याच्याकडून करून घेऊ नये.

राहिला मोजमापाचा विषय, ज्याकडे दोन्ही बाजूंचे वकील दुर्लक्ष करतात. ओढ्यात पाणी राखण्याचा हक्क कागदावर मिळाला, पण तिथे पट्टी नाही, नोंद घेणारा माणूस नाही, तर तो हक्क पाळला जातोय की नाही हे कळणार कसं? राष्ट्रीय वनांतले बहुतेक ओढे रस्त्यापासून दूर, हिवाळ्यात बर्फाखाली. प्रत्येक ठिकाणी यंत्र बसवणं परवडणारं नाही. म्हणून करारात ओढ्यांची नावं घालताना मोजण्याच्या जागा, मोजणाऱ्याचा पगार आणि कमी पाणी दिसल्यावर कुणाचं दार आधी लावायचं, हे घातलंच पाहिजे. हे करारातलं सगळ्यांत कंटाळवाणं पान असतं. मी करार वाचतो तेव्हा तेच पान आधी उघडतो.

पश्चिमेकडच्या काही राज्यांत असे दावे अजून पडून आहेत. तिथल्या वनाधिकाऱ्यांना आणि पाट-कंपन्यांच्या पुढाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की पहिली बैठक वकिलांच्या कचेरीत घेऊ नका. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, वनाच्या हद्दीवर, ओढा पाटात वळतो त्या दाराशी जा. वनखात्याचा जलतज्ज्ञ, वरचा हक्कदार, खालचा हक्कदार, आणि त्या ओढ्यात गळ टाकणारा एखादा म्हातारा. पाणी किती आहे ते सगळ्यांनी मिळून मोजा, आणि कुठवर उतरलं की दार लावायचं त्याची खूण त्याच दिवशी दगडावर करून घ्या.